एकाच घरात दोन कॉम्प्युटर, तरी गेम जोडला जात नाही? इथून सुरुवात करा

दिवाळीच्या सुट्टीत माझे दोन भाचे लालबागहून आमच्याकडे विक्रोळीला राहायला आले होते. बिल्डिंगखाली पोरांचा मातीचा किल्ला बांधून झाला होता, मावळे मांडून झाले होते, आणि आता तसाच किल्ला माइनक्राफ्टमध्ये दोघांनी मिळून बांधायचा असा बेत होता. थोरल्याने त्याचा लॅपटॉप आणला होता, धाकट्याला आमचा घरचा कॉम्प्युटर दिला. थोरल्याने जग उघडलं. धाकटा पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "आत्या, दादाचं जग मला दिसतच नाहीये गं."

पुढचे दोन तास आम्ही दोन्ही मशीन चार-चार वेळा बंद-चालू केली, गेम काढून परत टाकला, राउटरची वायर उपटून पुन्हा लावली. शेवटी सापडलं ते असं: थोरल्याचा लॅपटॉप आमच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडलेला होता. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तोच पासवर्ड होता, त्याने तोच टाकला. दोघांकडेही इंटरनेट नीट चालत होतं, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

त्या दोन तासांत आम्ही सगळं केलं, पण क्रमाने काहीच केलं नाही. त्यानंतर नात्यातल्या आणि बिल्डिंगमधल्या बऱ्याच पोरांचे गेम मी जोडून दिले, आणि दर वेळी एकाच क्रमाने गेले: आधी वायर आणि वायफाय, मग पत्ता (नेटवर्कवर मशीनला मिळणारा आकडा), मग फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा मशीनमधला पहारेकरी), आणि सगळ्यात शेवटी गेम. तो क्रम इथे देते. पायऱ्या विंडोज १० आणि ११ धरून लिहिल्या आहेत. आकडे आणि कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, पण टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाका. आणखी एक, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालला, तर कशामुळे चालला ते कळत नाही, आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

इंटरनेट वेगळं, घरचं नेटवर्क वेगळं

घरातला राउटर दोन कामं करतो. एक म्हणजे घराला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणं. दुसरं, घरातली मशीन एकमेकांशी जोडणं. या दुसऱ्याला लॅन म्हणतात, आणि आपल्याला इथे तेवढंच हवं आहे. जुलैच्या पावसात केबलवाल्याचं नेट दिवसभर गेलं, तरी राउटरला लाईट आहे तोवर लॅनवरचा गेम चालू राहू शकतो. काही गेम उघडताना खातं तपासायला इंटरनेट मागतात, तेवढं मात्र लक्षात ठेवा.

याचं उलटही खरं आहे. दोन्ही मशीनवर यूट्यूब सुरळीत चालतंय याचा अर्थ ती दोन मशीन एकमेकांना दिसतात असा होत नाही. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो आधी इंटरनेटचा स्पीड तपासतो आणि मग केबलवाल्याला फोन लावतो. केबलवाल्याचा इथे काही संबंध नाही.

गेममध्ये लॅन आहे का, ते आधी बघा

व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये दोन पोरं एकाच पलंगावर बसून खेळत असली तरी त्यांची मॅच कंपनीच्या सर्व्हरवरच चालते. तिथे घरच्या नेटवर्कची कितीही खटपट करून उपयोग नाही. माइनक्राफ्ट, काउंटर-स्ट्राइक १.६, टेरारिया, फॅक्टोरियो, स्टारड्यू व्हॅली हे गेम घरच्या नेटवर्कवर चालतात. गेमच्या मेनूमध्ये 'लॅन', 'लोकल', 'डायरेक्ट कनेक्ट' किंवा 'जॉइन बाय आयपी' असं काही दिसलं, तर पुढे वाचा.

मग आवृत्ती बघा. दोन्हीकडे गेमची आवृत्ती अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत एकच हवी, आणि मॉड (गेममध्ये वरून टाकलेले बदल) टाकले असतील तर तेही सारखे हवेत. माइनक्राफ्टमध्ये आणखी एक गोम आहे. त्याचे दोन प्रकार आहेत, जावा आणि बेडरॉक. मोबाइलवर आणि टॅबवर असतो तो बेडरॉक, कॉम्प्युटरवर दोन्हीपैकी कुठलाही असू शकतो. जावावाला बेडरॉकवाल्याच्या जगात सरळ शिरू शकत नाही. एकाकडे जावा आणि दुसऱ्याकडे बेडरॉक असेल तर नेटवर्क तपासत बसू नका, दोघांकडे एकच प्रकार टाका.

दोघं एकाच राउटरवर आहेत ना?

दोन्ही मशीनवर खाली उजव्या कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर क्लिक करा आणि जोडलेल्या नेटवर्कचं नाव वाचा. वाचा म्हणजे खरंच अक्षर-अक्षर वाचा. आमच्याकडे दोन नावांत फक्त शेवटच्या 'गेस्ट' या शब्दाचा फरक होता, आणि तो दोन तास कुणाला दिसला नाही. गेस्ट नेटवर्क मुद्दाम असं बनवलेलं असतं की त्यावरच्या पाहुण्याला इंटरनेट मिळावं, पण घरातली बाकीची मशीन दिसू नयेत. ते त्याचं काम चोख करत असतं. एखाद्याचा लॅपटॉप सवयीने मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला गेलाय का, तेही बघा.

नाव एकच असूनही मशीन एकमेकांना दिसत नसतील, तर राउटरच्या वायफाय सेटिंगमध्ये 'एपी आयसोलेशन', 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'वायरलेस आयसोलेशन' असं काही चालू आहे का ते पाहा. असेल तर बंद करा.

मुंबईच्या घरांत मला वरचेवर सापडलेली भानगड म्हणजे दोन राउटर. दाराजवळ फायबरवाल्याने बसवलेला डबा असतो, त्याचं स्वतःचं वायफाय असतं. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून घरच्यांनी आणखी एक राउटर आणून त्याला वायरने जोडलेला असतो. आता या दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार केलेलं असतं. बाहेरच्या खोलीतला दादा एका नेटवर्कवर, आतल्या खोलीतली ताई दुसऱ्या. दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण लॅनवरची 'मी इथे आहे' ही गेमची हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही.

तात्पुरता उपाय सोपा आहे, दोघांनी एकाच राउटरला जोडून घ्यायचं. कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकणं, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच नेटवर्क पुढे नेतो. राउटरमध्ये तसा मोड नसेल, तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या मालिकेतला पण कुणी न वापरलेला असा द्या, त्यातलं 'डीएचसीपी' (मशीनना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, आणि मगच फायबरच्या डब्याकडून येणारी वायर 'वॅन' खाचेतून काढून 'लॅन'च्या खाचेत लावा. हा क्रम उलटा केलात तर एकाच घरात दोन-दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि कुणाचंच नीट चालत नाही.

पत्ता वाचायला शिका

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोट्या चौकटीत 'सीएमडी' टाकून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द सलग, मध्ये जागा न सोडता टाका आणि एंटर मारा. बरंच काही छापून येईल. त्यातली 'आयपीव्ही४ ॲड्रेस' ही ओळ शोधा आणि तिच्यापुढचा आकडा कागदावर लिहून घ्या. हेच दुसऱ्या मशीनवर करा.

समजा एकावर १९२.१६८.१.५ आलं आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.९. छान. पहिले तीन आकडे म्हणजे बिल्डिंग आणि शेवटचा म्हणजे खोली नंबर, असं धरा. घरच्या साध्या राउटरवर पहिले तीन आकडे जुळायला हवेत आणि शेवटचा वेगळा हवा. एकाकडे १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याकडे १९२.१६८.०.७ असेल, तर वरची दोन राउटरांची भानगड आहे, मागे जा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता मिळेना तेव्हा विंडोज स्वतःच हा असा आकडा घेऊन बसतं. वायर सैल आहे का, वायफाय तुटलंय का ते बघा, राउटर एकदा बंद-चालू करा. गेमकडे बघायची अजून वेळ आलेली नाही.

कधी एकाच मशीनवर दोन-तीन आयपीव्ही४ पत्ते दिसतात. घरात कुणी ऑफिसचं व्हीपीएन वापरत असेल, किंवा व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर टाकलं असेल, तर त्यांची खोटी नेटवर्क कार्डं यादीत येतात. व्हर्च्युअलबॉक्सचा पत्ता बहुधा १९२.१६८.५६.१ असतो. बऱ्याच गेमना खरं कार्ड कुठलं ते कळत नाही आणि ते भलत्याच कार्डावर हाक मारत बसतात. व्हीपीएन बंद करा. मग पुन्हा विंडोज आणि आर दाबून 'एनसीपीए', टिंब, 'सीपीएल' असं सलग टाका. सगळ्या कार्डांची यादी उघडेल. नको त्या कार्डावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा आणि खेळून झालं की पुन्हा चालू करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ज्याचा आहे त्याला विचारूनच हात लावा.

पिंग, आणि त्याची तीन उत्तरं

आता एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारायची. काळ्या खिडकीत 'पिंग', मग एक जागा, मग समोरच्याचा पत्ता. म्हणजे 'पिंग १९२.१६८.१.९'. चार ओळी येतील. इथे घाई करू नका. नुसतं 'पिंग चालत नाही' एवढ्यावर बरेच जण थांबतात, पण कोणतं उत्तर आलं त्यावर पुढची सगळी वाट ठरते.

पहिलं उत्तर, 'रिप्लाय फ्रॉम' आणि पुढे समोरच्याचाच पत्ता, सोबत 'टाइम'. रस्ता मोकळा आहे. वायरवर हा वेळ बहुधा १ मिलिसेकंदाच्या आत असतो, वायफायवर थोडा जास्त. गेम तरीही जोडत नसेल तर फायरवॉल किंवा गेम, या दोघांपैकी कुणीतरी अडवतंय.

दुसरं उत्तर, 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. ही ओळ नीट वाचा, कारण तिचीही सुरुवात 'रिप्लाय फ्रॉम'ने होते आणि लोक फसतात. पुढचा पत्ता बघा, तो समोरच्याचा नसून तुमचा स्वतःचाच असतो. म्हणजे तुमचंच मशीन सांगतंय की त्या पत्त्यावर कुणी सापडलं नाही. समोरचं मशीन झोपलंय, पत्ता चुकीचा लिहिलाय, ते दुसऱ्या नेटवर्कवर आहे, किंवा राउटरचं आयसोलेशन चालू आहे. यात फायरवॉलचा दोष नसतो.

तिसरं उत्तर, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पहिले तीन आकडे जुळत असताना हे आलं, तर बहुतेक वेळा समोरचं मशीन आहे, पण त्याची फायरवॉल उत्तर देऊ देत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर पिंग केल्यावर लगेच 'एआरपी', जागा, मग उणे-चिन्ह आणि त्याला चिकटून 'ए' अशी कमांड द्या. पत्त्यांची यादी येईल. समोरच्याच्या पत्त्यापुढे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसल्या, तर ते मशीन खालच्या पातळीवर तुम्हाला ओळखतंय. विंडोजची फायरवॉल ही ओळख अडवत नाही. वायर ठीक, वायफाय ठीक, राउटर ठीक. आता फक्त फायरवॉल.

ही छोटी कमांड मला फार उपयोगी पडली आहे. अर्धं घर एका झटक्यात तपासून होतं.

फायरवॉल

गेम पहिल्यांदा लॅनवर उघडला की विंडोज एक छोटी खिडकी दाखवतं आणि विचारतं, या प्रोग्रॅमला नेटवर्कवर येऊ द्यायचं का. अडचण अशी की गेम पूर्ण स्क्रीनवर चालू असतो आणि ती खिडकी त्याच्या मागे उघडते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. खेळून झाल्यावर तिला ती खिडकी दिसली, आणि काय आहे ते कळेना म्हणून तिने 'कॅन्सल' दाबलं. कॅन्सल म्हणजे 'आत्ता नको' असा अर्थ होत नाही. त्या गेमला बाहेरून येणारी जोडणी अडवायची, असा पक्का नियमच विंडोज लिहून ठेवतं, आणि नंतर ती खिडकी पुन्हा येत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करणं. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, वायफायच्या किंवा वायरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा, तिथे 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय आहेत. पब्लिक म्हणजे स्टेशनवरचं, हॉटेलातलं वायफाय. तिथे विंडोज दारं लावून बसतं, आणि ते बरोबरच आहे. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा. दोन्ही मशीनवर करा.

दुसरं, स्टार्टमध्ये 'अलाऊ ॲन ॲप' असं शोधा. फायरवॉलची यादी उघडेल. वरचं 'चेंज सेटिंग्ज' दाबल्याशिवाय काही बदलता येत नाही. यादीत गेमचं नाव शोधा आणि 'प्रायव्हेट'च्या चौकोनात टिक करा. माइनक्राफ्ट जावा शोधत असाल तर त्याच्या नावाने काही सापडणार नाही. तो 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी' किंवा 'जावा प्लॅटफॉर्म एसई बायनरी' अशा नावाने बसलेला असतो, कधी कधी एकाच नावाने दोन-तीनदा. सगळ्यांना टिक करा.

तरीही जोडत नसेल तर तो जुना 'कॅन्सल'चा नियम आड येत असणार. फायरवॉलमध्ये अडवण्याचा नियम सोडण्याच्या नियमावर मात करतो. 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' उघडा, डावीकडे 'इनबाउंड रूल्स' निवडा. ज्या नियमापुढे लाल खूण आहे तो अडवणारा. तुमच्या गेमच्या नावाचे, किंवा जावाच्या नावाचे, असे लाल नियम असतील तर ते काढून टाका. बहुधा ते जोडीने असतात, एक टीसीपीचा आणि एक यूडीपीचा (नेटवर्कवर माहिती पाठवायच्या या दोन पद्धती), दोन्ही काढा. मग गेम पुन्हा सुरू करा. खिडकी नव्याने येईल, या वेळी 'अलाऊ' दाबा.

पूर्ण फायरवॉल बंद करायचा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. मी त्याच्या विरोधात आहे. फार तर, ज्याने जग उघडलंय त्या एका मशीनवर, एका मिनिटापुरती बंद करून बघा. गेम जोडला गेला तर गुन्हेगार सापडला, तिथल्या तिथे फायरवॉल परत चालू करा आणि नीट नियम लिहा. त्याच लॅपटॉपवर घरचे बँकेची कामं करतात, ती फायरवॉल सुट्टीभर बंद ठेवायची नाही. आणि वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. तसं असेल तर वरचं सगळं विंडोजमध्ये करून उपयोग नाही, अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन गेमला परवानगी द्यावी लागते.

घरात मॅक असेल तर २०२४ साली आलेल्या मॅकओएस १५ पासून प्रत्येक ॲपला 'लोकल नेटवर्क'ची वेगळी परवानगी लागते. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये तिचं बटण आहे.

आता गेमकडे वळा

गेमच्या यादीत समोरचा दिसत नाही म्हणून हार मानू नका. यादीत दिसणं आणि जोडलं जाणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. यादीसाठी गेम सगळ्या घराला उद्देशून हाक मारतो, आणि ती हाक वायफायवर कधी कधी हरवते. पत्ता टाकून सरळ जाता येत असेल तर यादीची गरजच नाही.

माइनक्राफ्ट जावामध्ये ज्याचं जग आहे त्याने खेळ चालू असताना एस्केप दाबायचं, 'ओपन टू लॅन' निवडायचं, आणि 'स्टार्ट लॅन वर्ल्ड'. खाली चॅटमध्ये एक ओळ येते आणि तिच्यात पोर्टचा, म्हणजे त्या मशीनवरच्या गेमच्या दाराचा, आकडा असतो, बहुधा पाच अंकी. तो लिहून घ्या. दुसऱ्याने 'मल्टिप्लेअर', मग 'डायरेक्ट कनेक्शन' उघडून पत्ता, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पोर्ट असं सलग टाकायचं: १९२.१६८.१.५:५४३२१. हा पोर्ट दर वेळी जग उघडताना बदलतो, कालचा आकडा आज चालत नाही. नव्या आवृत्त्यांत जग उघडतानाच पोर्ट स्वतः निवडता येतो. तिथे दर वेळी २५५६५ टाका, म्हणजे पाठच होईल.

हा पोर्ट उघडा आहे का ते गेमशिवायही तपासता येतं. दुसऱ्या मशीनवर पॉवरशेल उघडा आणि 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.५ -पोर्ट २५५६५' असं टाका. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर दार उघडं आहे आणि दोष गेमच्या आवृत्तीत किंवा मॉडमध्ये शोधायचा. 'फॉल्स' आलं तर पुन्हा फायरवॉल. ही तपासणी फक्त टीसीपीची आहे. काउंटर-स्ट्राइक १.६, फॅक्टोरियो, स्टारड्यू व्हॅली यूडीपीवर चालतात, त्यांना ती लागू नाही.

काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये एकाने 'न्यू गेम' करून सर्व्हर उघडायचा. दुसऱ्याने कीबोर्डच्या ऑप्शनमध्ये 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन कन्सोल चालू करायचा, एस्केपच्या खालच्या बटणाने तो उघडायचा, आणि 'कनेक्ट १९२.१६८.१.५:२७०१५' असं टाकायचं. २७०१५ हा त्याचा नेहमीचा पोर्ट.

फार जुने गेम असतील तर त्यांच्या मेनूत 'आयपीएक्स' असा पर्याय दिसतो. विंडोज व्हिस्टापासून आयपीएक्स काढून टाकलेलं आहे. गेममध्ये 'टीसीपी/आयपी' असेल तर ते निवडा. काही जुन्या गेमना 'डायरेक्टप्ले' लागतं, ते 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'लेगसी कंपोनंट्स'खाली टिक करून चालू होतं.

जोडला, पण अडखळतोय

माणूस चालता चालता मागे खेचला जातो, ठोकळा फोडला तरी परत येतो. हे वायफायचं दुखणं असतं. आमच्या घरात बसून वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची वीसेक नावं दिसतात. ती सगळी त्याच हवेतून बोलत असतात. तपासायला सोपं आहे: खेळ चालू असताना काळ्या खिडकीत राउटरच्याच पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, पिंग करा आणि शेवटी जागा सोडून उणे-चिन्ह आणि 'टी' जोडा, म्हणजे पिंग थांबणार नाही. कंट्रोल आणि सी दाबून थांबवता येतं. वेळ ३-४ मिलिसेकंदांवरून मध्येच २०० वर उडी मारत असेल, तर गेमचा काही दोष नाही.

दोन्ही मशीन राउटरच्या खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय घ्या. मध्ये भिंती असतील तर २.४ जास्त लांब पोचतं, पण गर्दीही तिथेच. त्यात राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा असेल तो ठेवा, बाकीचे चॅनल शेजारच्या चॅनलवर सांडतात.

खरं औषध मात्र वायरच. निदान ज्याने जग उघडलंय त्याचं मशीन तरी राउटरला वायरने जोडा. ग्रँट रोड स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोडला हव्या त्या लांबीची कॅट ५ई किंवा कॅट ६ वायर दोन्ही टोकांना क्लिप मारून मिळते. दुकानातच टेस्टरवर लावून बघायला सांगा, आठही दिवे लागले पाहिजेत. चार तारांवर १०० एमबीपीएस चालतं, गिगाबिटला आठही लागतात. घरी आणलेली वायर गिगाबिट खाचांमध्ये लावूनही १०० च दाखवत असेल तर एखादी तार तुटलेली आहे. गेमला १०० पुरेसं आहे, पण ती वायर पुढे दगा देणार हे ओळखून ठेवा. गॅलरीतून बाहेरच्या बाजूने नेलेल्या वायरीची क्लिप दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा, धातूची टोकं हिरवट झाली असतील तर क्लिप नवी मारून घ्या.

राउटरच नसेल तर

गावी गेलात, किंवा राउटर बिघडला, तर दोन लॅपटॉप एका वायरने थेट जोडता येतात. पूर्वी यासाठी वेगळी क्रॉसओव्हर वायर लागायची, गिगाबिट खाच असलेल्या लॅपटॉपना साधी वायर चालते. दोन्हीकडे वायरच्या कार्डाच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये पत्ता हाताने टाका: एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, दोघांचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा ठेवा. वायफाय बंद करा, म्हणजे गेम भलतीकडे हाक मारणार नाही.

विंडोज या जोडणीला 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणतं आणि पब्लिक धरतं. त्यामुळे फायरवॉलच्या यादीत त्या गेमपुढे तेवढ्या वेळेपुरती 'पब्लिक'चीही टिक करा. खेळ संपला की टिक काढा आणि पत्ता पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा, नाहीतर घरी आल्यावर वायरने नेट का लागत नाही म्हणून वेगळी शोधाशोध होते.

आणि एक चुलत भाऊ कांदिवलीला असेल तर? तो तुमच्या लॅनमध्ये नाही, वरचं काहीही त्याला लागू नाही. त्याच्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करायला, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी थेट तुमच्या मशीनकडे वळवायला, निघाल तर आधी राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर पुरवठादाराने तुम्हाला आणि इतर अनेक घरांना एकाच पत्त्यामागे बसवलंय आणि पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग होणार नाही. गेमची स्वतःची ऑनलाइन सोय वापरा.

राउटरजवळचा कागद

लाईट जाऊन आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि मशीनना कधी वेगळे पत्ते मिळतात. कालपर्यंत चालणारा पत्ता मग चालेनासा होतो. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे ज्याच्यावर जग उघडतं त्या मशीनला एक ठरावीक पत्ता बांधून द्या. लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना झोपायचं नाही असं करून ठेवा, कारण ज्याचं जग आहे त्याचा लॅपटॉप झोपला की सगळे बाहेर फेकले जातात.

आमच्या राउटरमागे आता एक वहीचा कागद चिकटवलेला आहे. त्यावर घरच्या वायफायचं नाव, बांधून दिलेला पत्ता, २५५६५ हा पोर्ट आणि दोन्ही मशीनवरच्या माइनक्राफ्टची आवृत्ती, इतकंच लिहिलंय. फ्रिजवरची पाहुण्यांची चिठ्ठी तशीच आहे, फक्त धाकट्याने तिच्यावर लाल पेनाने लिहून ठेवलंय: 'गेमसाठी नाही'.